रात्री सगळं उतरलं, मग सकाळी अपग्रेड का अडलं?

माझा भाचा गावी असतो. तिथे दिवसा नेट असून नसल्यासारखं. रात्री बारानंतर मात्र टॉवर मोकळा होतो, आणि त्याच्या पॅकमध्ये बारा ते सहाचा डेटा मोजलाही जात नाही. म्हणून त्याच्या लॅपटॉपवर (आर्च लिनक्स, हट्टाने घेतलेलं) मी रात्री दोनचा टायमर लावून दिला होता. अपडेट्स फक्त उतरवून ठेवायची, इन्स्टॉल काही करायचं नाही. सकाळी चहा पितापिता तो स्वतः अपग्रेड करणार. बरेच महिने हे बिनबोभाट चाललं.

मग २०२५च्या जूनमध्ये एका सकाळी सव्वासातला फोन. "मामा, रात्री सगळं नीट उतरलंय, लॉगमध्ये एक एरर नाही. आणि आत्ता म्हणतंय कॉन्फ्लिक्ट आहे. हे रात्रीच सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या सकाळी परत तेच. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याने स्वतःच 'उपाय' करून पाहिला होता: कॅशे (उतरवलेल्या फाइलींचा साठा) पूर्ण पुसली आणि रात्री तेवढंच सगळं नव्याने उतरवलं. सकाळी तीच एरर, शब्दन् शब्द तीच.

त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि हा प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नाही. पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरवणारा, बसवणारा, काढणारा प्रोग्रॅम) 'फक्त डाउनलोड कर' म्हटल्यावर कॉन्फ्लिक्ट तपासतो की नाही? तर, काही तपासतो, काही तपासत नाही, आणि ती रेघ प्रत्येक मॅनेजर वेगळ्या जागी मारतो. खाली मुख्यतः पॅकमनबद्दल, म्हणजे आर्चच्या मॅनेजरबद्दल लिहितो, कारण घोळ तिथे सर्वात जास्त होतो. शेवटी डेबियन आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सांकडे येऊ.

एक सूचना. आज्ञा मी भाच्याला फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत, अक्षर अक्षर उच्चारून. टाइप करताना रोमन अक्षरं, आणि लहान-मोठं सांभाळा. पॅकमनच्या लेखी मोठा एस आणि छोटा एस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

भांडण कुठलं ते आधी ओळखा

'कॉन्फ्लिक्ट' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिलं आहे जाहीर वैर. पॅकेज बनवणाऱ्याने त्याच्या माहितीतच लिहून ठेवलेलं असतं की 'मी अमक्यासोबत राहणार नाही'. जीव्हिम आणि व्हिम. आयपीटेबल्स आणि त्याचा एनएफटी अवतार. पाइपवायर-जॅक आणि जॅक२. ही माहिती रेपॉझिटरीच्या (पॅकेजं जिथून उतरतात त्या कोठाराच्या) यादीत असते, म्हणजे एकही पॅकेज न उतरवता ती कळू शकते.

दुसरं आहे जागेचं भांडण. नव्या पॅकेजला एक फाइल ज्या पथावर ठेवायची आहे, तिथे आधीच कुणाची तरी फाइल बसलेली आहे. एसटीत चढावं आणि खिडकीच्या सीटवर रुमाल पडलेला असावा, तसं. रुमाल कुणाचा, विचारायचं कुणाला, काही पत्ता नाही, पण जागा अडलेली आहे हे खरं. पॅकमन ज्या यादीवरून अपग्रेडचा हिशेब करतो तिच्यात पॅकेजमधल्या फाइलींची नावं नसतात. पॅकेज हातात येऊन उघडल्याशिवाय हे भांडण त्याला दिसूच शकत नाही.

एररचा मजकूर पाहिला की दोन्ही लगेच वेगळी ओळखता येतात. जाहीर वैर असेल तर दोन पॅकेजांची नावं आणि 'आर इन कॉन्फ्लिक्ट' असे शब्द येतात, बहुतेकदा 'रिमूव्ह' करू का या प्रश्नासकट. जागेचं भांडण असेल तर पॅकेजचं नाव, विसर्गासारखी दोन टिंबं, एक लांबलचक पथ आणि शेवटी 'एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम'. भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला. त्याने ओळ वाचून दाखवली: लिनक्स-फर्मवेअर-एनव्हिडिया, पुढे फर्मवेअरच्या फोल्डरातला पथ, शेवटी एडी१०३, मग एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम. खाली तशाच आणखी तीन ओळी. म्हणजे रुमाल.

डब्ल्यू लावल्यावर नेमकं काय गळतं

नेहमीचं पूर्ण अपग्रेड (पॅकमन, डॅश, मोठा एस, छोटा वाय, छोटा यू) चालताना पडद्यावर ज्या ओळी येतात, त्या एकदा शांतपणे वाचा. आधी 'रिझॉल्व्हिंग डिपेन्डन्सीज' (डिपेन्डन्सी, म्हणजे अवलंबित्व: एका पॅकेजला चालायला दुसरं पॅकेज लागणं). मग 'लुकिंग फॉर कॉन्फ्लिक्टिंग पॅकेजेस'. मग पॅकेजांची यादी, आकार आणि 'प्रोसीड विथ इन्स्टॉलेशन' हा प्रश्न. हो म्हटल्यावर डाउनलोड. त्यानंतर सह्यांच्या किल्ल्या तपासणं, 'चेकिंग पॅकेज इंटिग्रिटी', 'लोडिंग पॅकेज फाइल्स', 'चेकिंग फॉर फाइल कॉन्फ्लिक्ट्स', 'चेकिंग अव्हेलेबल डिस्क स्पेस'. हे सगळं पार पडल्यावरच तो डिस्कवरच्या फाइलींना पहिल्यांदा हात लावतो.

आता तीच आज्ञा शेवटी छोटा डब्ल्यू ('फक्त उतरव' हा पर्याय) जोडून चालवा. 'लुकिंग फॉर कॉन्फ्लिक्टिंग पॅकेजेस' ही ओळ गायब. प्रश्न बदलून 'प्रोसीड विथ डाउनलोड' झालेला. आणि इंटिग्रिटी तपासून झाली की संपलं. फाइलींची टक्कर नाही, इन्स्टॉलला जागा पुरेल का तेही नाही.

हे चुकून राहिलेलं नाही. पॅकमनच्या कोडमध्ये डब्ल्यू हा पर्याय वाचला गेला की दोन झेंडे एकाच वेळी वर जातात: एक 'फक्त डाउनलोड', दुसरा 'कॉन्फ्लिक्ट तपासू नको'. मुद्दाम. आणि त्यामागे तर्क आहे. उतरवण्याने सिस्टीमला काहीच होत नाही, फाइल कॅशेत पडून राहते. समजा मला पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या मशीनसाठी जीव्हिम न्यायचं आहे आणि माझ्याकडे व्हिम आहे. नुसतं उतरवताना 'व्हिम काढू का?' असं विचारलं तर तो आचरटपणा होईल. शिवाय रात्री दोनला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जागं कोण असणार?

तेव्हा रात्रीचा 'यशस्वी' शेरा एवढंच सांगतो: पॅकेजं आली, पूर्ण आली, सह्या खऱ्या आहेत, आणि त्यांची अवलंबित्वं कागदावर जुळतात. ती तुमच्या मशीनवर बसतील, असं त्याने कधी म्हटलंच नव्हतं.

अवलंबित्वाबद्दल थोडं थांबतो, कारण त्याचा उलटा त्रास होतो. डब्ल्यू लावला तरी डिपेन्डन्सीची तपासणी चालूच असते. ज्यांच्याकडे एयूआरमधून (आर्च वापरणाऱ्यांनीच भरलेल्या संग्रहातून) बांधलेली पॅकेजं आहेत, त्यांना कधीतरी सकाळी कॅशे रिकामी सापडते. जर्नल (सिस्टीमची नोंदवही) उघडलं तर 'ब्रेक्स डिपेन्डन्सी' असं लिहून रात्रीच काम थांबलेलं. लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि एयूआरचं पॅकेज जुनीच मागत बसलं की असं होतं. अशा वेळी दोनदा छोटा डी लावून डिपेन्डन्सीची तपासणी बंद करायचा मोह होतो. करू नका. ती बंद केली की नवी लागणारी पॅकेजं यादीतच येत नाहीत, आणि सकाळी नेमकी तीच दिवसाच्या डेटावर उतरवावी लागतात. एयूआरचं पॅकेज नव्याने बांधा किंवा तात्पुरतं काढा.

रंगीत तालीम म्हणून जे वापरता, ते तालीम नव्हे

बरेच जण म्हणतात, आम्ही आधी छोटा पी लावून बघतो, काय काय होणार ते कळतं. मीही कित्येक वर्षं असंच समजत होतो. छोटा पी फक्त यादी छापतो, आणि त्यासाठी पॅकमन तोच 'कॉन्फ्लिक्ट तपासू नको' झेंडा वर करतो. वर इशारेही गप्प करतो, फक्त एरर दाखवतो. यादी स्वच्छ आली म्हणजे वाट मोकळी आहे, हा भ्रम.

जाहीर वैराची खरी तालीम फार सोपी आहे. डब्ल्यू आणि पी दोन्ही विसरा, खरं अपग्रेड सुरू करा आणि 'प्रोसीड विथ इन्स्टॉलेशन' विचारलं की एन दाबा. तोवर कॉन्फ्लिक्टची तपासणी झालेली असते, प्रश्न विचारून झालेले असतात, आणि एकही पॅकेज बदललेलं नसतं.

जागेच्या भांडणाची तालीम एवढी सरळ नाही, पण पॅकेज कॅशेत उतरलेलं असेल तर जमते. पॅकमन, डॅश, मोठा क्यू, छोटा एल, छोटा पी आणि पुढे कॅशेतल्या फाइलचं नाव दिलं की तिच्या पोटातल्या सगळ्या पथांची यादी मिळते. शेवटी तिरकी रेघ असलेल्या ओळी फोल्डरच्या, त्या गाळा. उरलेल्यांपैकी डिस्कवर आधीच असलेले पथ शोधा आणि प्रत्येकाचा मालक विचारा: डॅश, मोठा क्यू, छोटा ओ, पुढे पूर्ण पथ. मालक म्हणून त्याच पॅकेजची जुनी आवृत्ती आली तर ठीक. 'नो पॅकेज ओन्स' आलं तर तिथे सकाळी बहुधा अडणार. मालक भलतंच पॅकेज निघालं तर थोडं थांबा, कारण त्याच अपग्रेडमध्ये ते पॅकेज ती फाइल सोडून देणार असेल तर पॅकमन तो हिशेब स्वतः नीट करतो. म्हणजे खोटी घंटाही वाजू शकते. मी हे रोज करत नाही, खरं सांगायचं तर. सहा महिन्यांनी उघडलेल्या मशीनवर करतो.

उपाय: रुमाल कुणाचा?

भाच्याच्या केसमध्ये रुमाल खुद्द आर्चचाच होता. त्या जूनमध्ये लिनक्स-फर्मवेअर हे अगडबंब पॅकेज फोडून हार्डवेअरच्या निर्मात्यांनुसार लहान लहान पॅकेजं केली गेली. त्यातच एनव्हिडियाच्या फोल्डरमधल्या सिमलिंकची (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइलींची) मांडणी बदलली, आणि तो बदल पॅकमनला एका दमात झेपत नाही. २१ जूनला आर्चच्या अधिकृत बातम्यांमध्ये उपायासकट हे आलं होतं: लिनक्स-फर्मवेअर डिपेन्डन्सीकडे न बघता काढा (मोठा आर, छोटा डी, छोटा डी) आणि लगेच पूर्ण अपग्रेडसोबत ते परत बसवा. या दोन आज्ञांच्या मध्ये मशीन रीबूट करायचं नाही, एवढंच पथ्य. मी त्याला चार्जर लावायला सांगितलं, मग पहिली आज्ञा, मग दुसरी. फर्मवेअर आधीच कॅशेत असल्यामुळे दिवसाचा डेटा गेला तो फक्त रात्रीनंतर नव्याने आलेल्या दोन-चार पॅकेजांपुरता.

मात्र त्या जूनसारखे प्रसंग क्वचित येतात. एरवी मला जे सापडतं ते बहुतेक वेळा आपणच केलेलं असतं. सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, काहीतरी बसवलेलं. पिप फाइली थेट सिस्टीमच्या साइट-पॅकेजेसमध्ये टाकतो, पॅकमनला त्याची खबर नसते. पुढे कधी तीच लायब्ररी कुणाची तरी डिपेन्डन्सी म्हणून आर्चच्या रेपॉझिटरीतून येते आणि शेकडो ओळी 'एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम'. हल्ली पिप सिस्टीमच्या पायथनमध्ये हात घालायला सरळ नकार देतो, ते याच कारणाने. लोक त्यालाही 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पर्याय लावून मोडतात, मग माझ्याकडे फोन करतात. एनपीएमने (जावास्क्रिप्टच्या इन्स्टॉलरने) ग्लोबल बसवलेला एनपीएम हाही तसाच नेहमीचा गिऱ्हाईक.

मालक नसलेली फाइल असेल तर ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने काढा: पिपने आली असेल तर पिप अनइन्स्टॉल. कुठून आली ते आठवतच नसेल तर नाव बदलून बाजूला ठेवा, अपग्रेड करा, चार दिवस बघा, मग पुसा. फाइलीचा मालक दुसरं अधिकृत पॅकेज असेल आणि दोघं एकाच पथावर दावा सांगत असतील, तर ती पॅकेज बनवणाऱ्यांची चूक. बग नोंदवा, एकदोन दिवस थांबा.

ओव्हरराइटचा पर्याय आहेच. जुना 'फोर्स' सरसकट सगळ्यावर नांगर फिरवायचा. २०१८च्या पॅकमन ५.१ मध्ये त्याच्या जागी ओव्हरराइट आला, ज्याला कुठला पथ ते सांगावं लागतं. तो नेमक्या पथासाठी वापरला तर हरकत नाही. पण कुठेतरी वाचून त्याच्यापुढे नुसता तारा (म्हणजे 'कुठलाही पथ') ठोकून देणारे आहेत, आणि तारा ठोकला म्हणजे जुना फोर्सच परत आणला.

एक दिलासा आहे. पॅकमन ही टक्कर सगळ्या पॅकेजांसाठी एकत्र तपासतो, आणि एक जरी सापडली तरी कशालाच हात लावत नाही. 'नो पॅकेजेस वेअर अपग्रेडेड' ही ओळ बघून घाबरू नका, ती चांगली बातमी आहे. मशीन काल होतं तसंच आहे. कॅशे पुसायचं तर अजिबात कारण नाही. भाच्याने तेवढं सगळं दोनदा उतरवलं ते उगाच.

जाहीर वैर असेल तर

इथे पॅकमन विचारतो: अमुक काढू का? कंसात छोटा वाय, मोठा एन. म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही'. आता गंमत बघा. भाच्याने 'सारखं वाय दाबायचा कंटाळा' म्हणून सकाळच्या आज्ञेला उपनाम दिलं होतं आणि त्यात नोकन्फर्म घातलं होतं. नोकन्फर्म म्हणजे सगळ्याला 'हो' असा त्याचा समज. तसं नाही. नोकन्फर्म म्हणजे प्रत्येक प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर, आणि या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर नकार आहे. त्यामुळे असं वैर निघालं तेव्हा त्याला प्रश्न दिसलाच नाही, थेट 'अनरिझॉल्व्हेबल पॅकेज कॉन्फ्लिक्ट्स डिटेक्टेड'. अनरिझॉल्व्हेबल वगैरे काही नव्हतं, फक्त विचारायला समोर माणूस नव्हता.

या प्रश्नाचं उत्तर उलटं करणारा 'आस्क' नावाचा एक छुपा पर्याय पॅकमनमध्ये आहे, चारचा आकडा देऊन चालणारा. मला माहीत आहे, आणि टायमरमध्ये तो कुणी घालू नये असं माझं ठाम मत आहे. आज तो जॅक२ काढेल, तुम्ही म्हणाल बरं झालं. उद्या काय काढेल ते तुम्ही झोपेत असताना ठरेल.

उपनामातून नोकन्फर्म काढा आणि प्रश्न वाचून उत्तर द्या. काय निवडायचं ते कळत नसेल तर एन दाबा, आर्चच्या बातम्या वाचा, मग परत या.

टायमर कसा असावा

माझ्या मूळ टायमरमध्ये आणखी एक खोट होती, ती या निमित्ताने सापडली. त्यात वाय होता. वाय म्हणजे रेपॉझिटरीची यादी ताजी करणं. रात्री दोनला यादी ताजी झाली, पॅकेजं कॅशेत आली, सिस्टीम मात्र जुनीच. सकाळी अपग्रेड अडलं. भाचा म्हणाला राहू दे, कॉलेजला उशीर होतोय. दुपारी त्याला एक छोटंसं सॉफ्टवेअर हवं होतं, त्याने नुसता मोठा एस देऊन बसवलं. नव्या यादीतलं नवं सॉफ्टवेअर, नव्या लायब्ररीवर बांधलेलं, आणि खाली जुनी सिस्टीम. यालाच अर्धवट अपग्रेड म्हणतात आणि आर्चमध्ये ते चालत नाही. त्याचं सॉफ्टवेअर उघडेना, आणि त्याने पुन्हा मला फोन केला. चूक माझी होती.

आता टायमर चेकअपडेट्सला हाक मारतो, छोटा डी लावून. पॅकमन-कॉन्ट्रिब या पॅकेजमध्ये तो मिळतो आणि त्याला फेकरूट लागतो. तो यादीची स्वतंत्र, तात्पुरती प्रत ताजी करतो, तिच्यावरून काय नवीन आहे ते ठरवतो आणि पॅकेजं नेहमीच्या कॅशेत उतरवतो. सिस्टीमची खरी यादी जागची हलत नाही. भाच्याने मधे काही बसवलं तर ते कालच्याच यादीतून येतं. सकाळी पूर्ण अपग्रेडची आज्ञा वायसकट. यादी ताजी होते, पॅकेजं कॅशेत सापडतात, उतरवायला फारसं काही उरत नाही. जुन्याच्या जागी वेगळ्या नावाचं पॅकेज आलं असेल तर तेवढं सकाळी उतरतं.

कॉन्फ्लिक्टची तपासणी यातही नाही. ती सकाळीच होणार, माणूस समोर असताना. मी हे मुद्दाम असं ठेवलं आहे.

कधी सकाळी 'अनेबल टू लॉक डेटाबेस' आलं तर त्याचा कॉन्फ्लिक्टशी संबंध नाही. पॅकमन कामात असताना मशीन मधेच बंद पडलं की त्याची कुलपाची फाइल तशीच राहते. पॅकमन चालू नाही याची खात्री करून डीबी.एलसीके ही फाइल पुसा. खात्री आधी, पुसणं नंतर.

डेबियन आणि उबुंटू

इथे रेघ वेगळ्या जागी आहे. एपीटी-गेटला (इथल्या एपीटी या मॅनेजरच्या आज्ञेला) छोटा डी ('फक्त उतरव') दिला तरी तो आधी सगळा हिशेब करतो, जाहीर वैरासकट, आणि त्या हिशेबात बसेल तेवढंच उतरवतो. त्यामुळे 'रात्री सांगितलं नाही' ही तक्रार इथे कमी. त्याऐवजी वेगळी असते: रात्री उतरवूनही सकाळी पुन्हा शेकडो एमबी का मागतंय?

कारण रात्री 'अपग्रेड' लावलेलं असतं. एपीटी-गेटचं अपग्रेड कुठलंही पॅकेज काढत नाही आणि नवंही आणत नाही. ज्यांना त्याची गरज पडते ती 'केप्ट बॅक' म्हणून बाजूला राहतात, म्हणजे उतरतही नाहीत. सकाळी तुम्ही फुल-अपग्रेड केलं की तीच राहिलेली मागतो. ट्रिक्सीकडे जाताना, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ कडे, हे ठळक दिसलं, कारण वेळेचा आकडा ६४ बिटी करण्याच्या बदलात कित्येक लायब्ररींच्या नावांना टी६४ हे शेपूट लागलं होतं. नवं नाव म्हणजे नवं पॅकेज. रात्रीच्या आज्ञेत डिस्ट-अपग्रेड (एपीटी-गेटमधलं फुल-अपग्रेड) ठेवा, सकाळी फुल-अपग्रेड करताना काढायची यादी डोळे उघडे ठेवून वाचा. आणि मधे अपडेट पुन्हा चालवू नका, यादी पुढे सरकली तर रात्रीचं उतरवलेलं काही वाया जाऊ शकतं.

उबुंटूवर 'केप्ट बॅक' दिसलं म्हणजे कॉन्फ्लिक्टच असंही नाही. २१.०४ पासून एपीटी टप्प्याटप्प्याने सोडली जाणारी अपडेट्स मानतो. तुमचा टप्पा आला नसेल तर वाट बघा, बस्स.

जागेचं भांडण मात्र एपीटीला आधी दिसतच नाही, सिम्युलेशनमध्येही नाही. ते डीपीकेजीला (एपीटीच्या हाताखाली प्रत्यक्ष बसवणाऱ्याला) पॅकेज उलगडताना दिसतं: 'ट्राइंग टू ओव्हरराइट', पुढे पथ, पुढे ज्याची फाइल आहे त्या पॅकेजचं नाव. तोवर त्याच खेपेतली काही पॅकेजं बदलून गेलेली असतात. पॅकमनसारखं सगळं जिथल्या तिथे राहत नाही, आणि हे मला पॅकमनचं खरोखर आवडतं. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत असं क्वचित होतं. झालं तर बाहेरून जोडलेल्या रेपॉझिटरीवर आधी संशय घ्या. ते पॅकेज काढा आणि 'फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा.

फेडोरा आणि कुटुंबीय

डीएनएफ (इथला पॅकेज मॅनेजर) डाउनलोडओन्ली असतानाही जाहीर वैर सोडवतो. पॅकेजं उतरवतो, सह्या तपासतो आणि थांबतो. जागेची टक्कर आरपीएमच्या (डीएनएफच्या हाताखाली प्रत्यक्ष बसवणाऱ्याच्या) 'ट्रान्झॅक्शन टेस्ट'मध्ये कळते, आणि ती या थांब्यानंतर येते.

पण इथे अशी सोय आहे जी मला पॅकमनमध्ये हवी होती. डीएनएफ ४ वर (रेड हॅटचं आरएचईएल ९ आणि त्याची भावंडं) डाउनलोडओन्ली ऐवजी सेटऑप्ट या पर्यायाने टीएसफ्लॅग्ज या सेटिंगची किंमत टेस्ट ठेवा. तो पॅकेजं उतरवतो, लागल्यास किल्ल्या बसवतो, ट्रान्झॅक्शन टेस्ट पूर्ण चालवतो आणि काहीही इन्स्टॉल न करता थांबतो. टक्कर असेल तर रात्रीच लॉगमध्ये. मोठ्या आवृत्तीवर उडी मारताना सिस्टम-अपग्रेडचा डाउनलोड टप्पा ही टेस्ट स्वतःच करून घेतो, म्हणून तिथे 'ट्रान्झॅक्शन टेस्ट सक्सीडेड' दिसल्यावरच रीबूटकडे जायचं. ऑफिसच्या दोन सर्व्हरवर मी रात्रीसाठी हेच लावलं आहे.

परवा सकाळी भाच्याने पडद्याचा फोटो पाठवला. पाइपवायर-जॅक आणि जॅक२, काढू का, छोटा वाय मोठा एन. खाली त्याचा मेसेज: "एन दाबलंय. मामा, मी गाणी रेकॉर्ड करतो त्याला जॅक२च लागतं का?" लागत नव्हतं. त्याने परत आज्ञा दिली, वाय दाबलं आणि साडेसातच्या एसटीला गेला.